उपरी, मिरासदार आणि पट्टेदार

बिट्टन मार्केटच्या आसपास, दहा आणि अकरा नंबर स्टॉपच्या परिसरात ज्या मराठी कुटुंबांनी घरे बांधली, त्यांपैकी अनेकांच्या कपाटात जन्मपत्रिका आणि विम्याच्या कागदांसोबत आणखी एक दस्तऐवज जपून ठेवलेला असतो. त्याला कोणी ‘लीज’ म्हणतात, कोणी ‘पट्टा’. प्रब्याजीची रक्कम, वार्षिक भू-भाटक, मुदत आणि अटी एवढे त्यात नमूद असते. घर आपले, परंतु घराखालची जमीन शासनाची, असा हा व्यवहार आहे. ज्यांनी तो केला ती पिढी आता थकली आहे, आणि ज्यांच्यासाठी केला त्या पिढीतील कित्येकजण न्यू जर्सी, टोरांटो किंवा मेलबर्न येथे स्थिरावले आहेत. काहींनी तेथील नागरिकत्वही घेतले आहे. त्यामुळे पूर्वी केवळ वकिलांना पडणारा एक प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. जो कायद्याने परकीय झाला आणि राहतोही परदेशात, त्याला येथल्या जमिनीवर किती काळ आणि कोणत्या नात्याने हक्क सांगता येईल?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. परक्याला जमीन द्यावी की न द्यावी, दिल्यास मालकीने द्यावी की मुदतीने, आणि मुदत संपल्यावर तो उठेल याची हमी कोणती, या विषयावर मराठी मुलखात निदान साडेचारशे वर्षे विचार झालेला आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या जुन्या महसूल-व्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे. तो गाव सोडून गेला, तरी परत येऊन आपल्या वाटणीवर हक्क सांगण्याची वाट त्याच्यासाठी दीर्घकाळ खुली राही. उपरी हा बाहेरून आलेला. पाटलाकडून किंवा सरकारातून कौल घेऊन, ठरलेल्या मुदतीपुरती व ठरलेल्या साऱ्यावर तो जमीन कसत असे. पडीक जमीन लागवडीस आणायची असेल तर त्याला इस्तावा मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी अल्प सारा आणि पुढे तो क्रमाने वाढत जाई. व्यवहाराच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. मात्र गावकीत उपऱ्याचा मान कमी, आणि वतनी हक्कांत त्याला वाटा नसे. ‘उपरा’ हा शब्द आज आपण केवळ भावनेने वापरतो. मुळात जमिनीवरचा हक्क किती खोल आहे, हे सांगणारी ती महसुली संज्ञा होती.

समुद्रावरून आलेल्या परकीयांनी आपल्याबरोबर याच व्यवहाराची एक वेगळी रीत आणली. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात, म्हणजे वसई आणि तिच्या आसपासच्या मुलखात, गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांना ठराविक वार्षिक खंडावर दिली जात. हा हक्क बहुधा तीन हयातींपुरता असे. पहिला धारक, त्याचा वारस आणि वारसाचा वारस एवढ्यांची आयुष्ये संपली की जमीन राजाकडे परत जावी, अशी ती योजना होती. मुंबई बेटही १५५४ च्या सुमारास अशाच दीर्घ मुदतीच्या खंडाने गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे आले. भारतीय वनौषधींवरील त्याचा ग्रंथ पुढे १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पोर्तुगीज भाषेत या खंडाला ‘फोरो’ म्हणत. मुंबईत त्याचे ‘फोरास’ झाले. समुद्र हटवून काढलेल्या खाजण जमिनींच्या धारणेला ते नाव चिकटले, त्यांच्यासाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि फोरास रोड या नावाने तो शब्द शहराच्या नकाशावरही उमटला. गोव्यातील गावकऱ्यांच्या, म्हणजेच कोमुनिदादींच्या, जमिनी देताना वापरला जाणारा ‘आफोरामेंतो’ हा शब्द याच मुळातला आहे.

इंग्रजांच्या वाट्याला मुंबई आली ती १६६१ च्या विवाह-तहाने. चार्ल्स दुसरा याला ते दूरचे बेट सांभाळणे जड वाटू लागले, आणि २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. मोबदला ठरला वार्षिक दहा पौंड सोने. दर वर्षी ३० सप्टेंबरला ते भरावयाचे होते. कायद्याच्या काटेकोर भाषेत हा मुदतीचा पट्टा नव्हता, ते कायमचे दान होते. तथापि दहा पौंडांची ती नाममात्र रक्कम निरर्थक नव्हती. भूमीचा अंतिम स्वामी राजा असून कंपनी ही त्याच्याकडून जमीन धारण करणारी आहे, याची ती वार्षिक कबुली होती. पट्ट्यातील भू-भाटक आजही हेच काम करते. रक्कम कितीही क्षुल्लक असली, तरी ती भरणारा दर वर्षी जमीन आपली नसल्याचे मान्य करीत असतो. म्हणूनच ही रक्कम थकविण्याचे परिणाम तिच्या आकड्याच्या मानाने फार मोठे असतात.

या परकीय व्यापाऱ्यांकडे मराठी राज्यकर्त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले? १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्या वेळच्या करारात इंग्रजांना वखारी घालण्याची मोकळीक मिळाली. व्यापार हवा होता, म्हणून व्यापाऱ्यालाही जागा देणे भाग होते. परंतु जागा देणे वेगळे आणि पाय रोवू देणे वेगळे, हा विवेक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्टपणे मांडलेला आहे. इतर सावकार आणि टोपीकर यांत आज्ञापत्र भेद करते. टोपीकरांच्या मागे त्यांचे राजे उभे आहेत, हाती आलेले स्थळ ते जिवावर उदार होऊनही सोडणार नाहीत, हे ते ओळखते. यास्तव त्यांना वखारीसाठी जागा देणे प्राप्त झाले, तरी ती समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये. किनाऱ्यापासून काही कोस आत, सखल भागात द्यावी आणि तेथे मजबूत इमारत बांधू देऊ नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथातील तीन अटी आजच्या कोणत्याही भाडेपट्ट्याच्या मसुद्याशी ताडून पाहण्यासारख्या आहेत. जागा कोणती, तिचा उपयोग कशासाठी आणि तिच्यावर पक्के बांधकाम करता येईल की नाही, हे तिन्ही प्रश्न तेथे आहेत. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या करतो. ठराविक काळासाठी अथवा कायमसाठी, मोबदल्याच्या बदल्यात उपभोगाचा हक्क हस्तांतरित करणे, ही ती व्याख्या. त्याच कायद्याच्या कलम १०८ मध्ये, विरुद्ध करार नसल्यास, मालकाच्या संमतीवाचून पट्टेदाराने शेती वगळता अन्य हेतूने कायम स्वरूपाची बांधकामे करू नयेत, असे म्हटले आहे. अमात्यांनी राजनीती म्हणून सांगितलेली गोष्ट पुढे दिवाणी कायद्याचे सर्वसाधारण कलम झाली.

परंतु पट्टा हे दुधारी शस्त्र आहे. दुर्बळ मालकाने प्रबळ परक्याला दिलेल्या पट्ट्याचे काय होते, याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावीच घडले. ते म्हणजे वऱ्हाड. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५३ च्या तहाने, निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला, जणू विश्वस्ताच्या हाती ठेवल्यासारखा. तो परत मिळावा म्हणून पहिल्या सालारजंगाने केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. अखेर कर्झनच्या काळात, ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने, निजामाने वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने दिला. वार्षिक खंड ठरला २५ लाख रुपये. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि नागपूर ही त्या जोडप्रांताची राजधानी झाली.

या व्यवहारातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कागदोपत्री वऱ्हाडचे स्वामित्व निजामाकडेच होते. उमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा येथील प्रजा तत्त्वतः हैदराबादची, आणि कारभार मात्र इंग्रजांचा. सातवा निजाम उस्मान अली याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी ती मागणी फेटाळली आणि त्या पत्रात ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असल्याचे बजावले. १९३६ च्या करारात स्वामित्वाचा पुन्हा उच्चार झाला, निजामाच्या नावापुढे ‘हैदराबाद व बेरार’ असे लागले, आणि युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. जमीन मात्र परत मिळाली नाही. १९४७ मध्ये ब्रिटिश सार्वभौमत्व संपले, १९४८ मध्ये हैदराबादचे राज्य विलीन झाले, आणि तो ‘कायमचा’ पट्टा अर्धशतकही न पाहता इतिहासजमा झाला. याउलट हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजचा १८९८ चा ९९ वर्षांचा पट्टा मुदत भरेपर्यंत चालला आणि १९९७ मध्ये ब्रिटनने तो प्रदेश चीनच्या हवाली केला. पट्ट्याचे आयुष्य मुदतीच्या शब्दांवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते उभय पक्षांच्या बळावरही असते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

त्याच जोडप्रांताच्या राजधानीतून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे भोपाळला आली. मराठ्यांचा भोपाळशी पहिला मोठा संबंध तंबूंचा होता. १७३७ च्या अखेरीस बाजीरावांनी निजामाला येथेच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहा येथे तह झाला. घरांचा संबंध येण्यास त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या सचिवालयातील जे कर्मचारी नव्या राज्याच्या वाट्याला आले, त्यांनी बिऱ्हाडे हलविली. ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूरहूनही मराठी माणसे आली, काही भेलच्या कारखान्यात लागली. तात्या टोपे नगर आणि शिवाजीनगर ही नावे ओळखीची होती. घरे मात्र सरकारी क्वार्टर्स होती. निवृत्तीनंतर ती सोडावी लागत. म्हणून स्वतःच्या भूखंडाची ओढ निर्माण झाली, आणि अरेरा टेकडीपलीकडे वसाहत वाढू लागली तशी ती ओढ पुरी होऊ लागली.

हे भूखंड अनेकदा नझूलच्या, विकास प्राधिकरणाच्या किंवा गृहनिर्माण मंडळाच्या पट्ट्याने मिळत. ‘नझूल’ हा शब्द वऱ्हाड-नागपूरकडून आलेल्यांना परका नव्हता. नागपूर आणि अमरावती विभागांत तो आजही महसुली व्यवहारात रूढ आहे. शासनाच्या स्वामित्वाची, बहुधा नगरवस्तीतील, बिगरशेती जमीन म्हणजे नझूल. भोपाळमध्ये पट्ट्याची मुदत सामान्यतः ३० वर्षांची, नूतनीकरणाची तरतूद असलेली. प्रारंभी प्रब्याजी एकदाच भरायची आणि पुढे वर्षाचे भू-भाटक. पट्टा मिळालेल्यांत केवळ नोकरदार नव्हते. १९८४ च्या मध्य प्रदेशातील कायद्याने नागरी क्षेत्रांतील भूमिहीनांनाही पट्टाधृतीचे अधिकार दिले. एकाच शहरातील बंगलेवाला आणि झोपडीवाला, दोघेही शासनाचे पट्टेदार, असे चित्र त्यातून निर्माण झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशात राहणाऱ्या परकीयाच्या बाबतीत स्वतंत्र भारताने कोणते धोरण स्वीकारले? १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या कलम ३१ ने, भारताचा नागरिक नसलेल्याला रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीवाचून येथील स्थावर मालमत्ता घेण्यास अथवा तिचे हस्तांतरण करण्यास मनाई केली. अपवाद एकच ठेवला, पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याचा. या कलमाला धाब्यावर बसवून झालेले व्यवहार अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, म्हणजे तो कायदा जाऊन दोन दशके उलटल्यावर दिला. मालमत्तेच्या कागदांवर काळाची झीज किती कमी होते, याचे हे द्योतक आहे.

१ जून २००० पासून जुन्याच्या जागी परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, लागू झाला. सूर सौम्य झाला, पण पाच वर्षांची ती रेषा टिकून राहिली. भारतीय वंशाचा नसलेला आणि परदेशात राहणारा परकीय येथे पाच वर्षांहून अधिक काळाचा पट्टा सर्वसाधारण अनुमतीने घेऊ शकत नाही. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, श्रीलंका, नेपाळ, इराण इत्यादी काही देशांच्या नागरिकांना, ते ओसीआय कार्डधारक नसल्यास, हीच मर्यादा, मग ते कोठेही राहोत. तुलनेसाठी थायलंडचे उदाहरण घेता येईल. तेथेही परकीयाला सामान्यतः जमिनीची मालकी मिळत नाही, परंतु तेथील दिवाणी संहिता तीस वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला मुभा देते. कित्येक विदेशी निवृत्तांची तेथील घरे या आधारावरच उभी आहेत. आपले पाच वर्षांचे बंधन आज्ञापत्रातील विवेकाच्या अधिक जवळचे आहे. राहा, व्यापार करा, पण मुळे धरू नका, हाच त्याचा अर्थ.

आपल्या मुलांची स्थिती मात्र या उपऱ्यांहून निराळी आहे, आणि ते समजून घेणे अगत्याचे आहे. भारतीय पारपत्र कायम ठेवून परदेशी राहणारा अनिवासी भारतीय, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेला परंतु २००५ पासून सुरू झालेल्या योजनेखाली ओसीआय कार्ड मिळविलेला भारतीय वंशज, या दोघांनाही येथे निवासी व व्यापारी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, फार्महाउस आणि मळे यांची खरेदी त्यांना निषिद्ध आहे. वारसा हा वेगळा विषय आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, मग ती शेतजमीन का असेना, परदेशस्थ वारसाला फेमाच्या कलम ६(५) नुसार धारण करता येते. म्हणजे चलन-कायदा परदेशस्थ मुलाला येथील घरापासून तोडत नाही. मिरासदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क जिवंत राही, त्या जुन्या रीतीशी हे जुळणारे आहे.

अडचण असते ती दुसरीकडे, पट्ट्यामध्ये. फेमा एवढेच सांगतो की वारसाला हक्क धारण करता येईल. पट्ट्याने मुळात जेवढा हक्क दिला, त्याहून अधिक तो वारसाला देऊ शकत नाही. पट्टा १९७० च्या दशकातील असेल, तर त्याची पहिली तीस वर्षे केव्हाच संपली. नूतनीकरण झाले आहे का? भू-भाटक भरले आहे का? मूळ धारकाच्या निधनानंतर नामांतरण झाले आहे का? निवासी भूखंडावर दुकान किंवा कार्यालय थाटून अट मोडली गेली आहे का? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असेल, तर सातासमुद्रापलीकडच्या वारसाच्या हाती हक्काऐवजी वाद येतो. शासनाने पट्ट्याचे पूर्ण स्वामित्वात, ज्याला सर्वजण ‘फ्रीहोल्ड’ म्हणतात, रूपांतर करण्याच्या तरतुदी वेळोवेळी केल्या आहेत. त्यांचा लाभ घ्यायचा तर वरील कागद आधी बिनचूक असावे लागतात. परदेशातून दिलेले कुलमुखत्यारपत्रही तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. या साध्या नियमाच्या अज्ञानाने अनेक व्यवहार अडून राहतात.

परदेशगमनाचा येथील मालमत्तेवर केवढा दूरगामी परिणाम होतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण याच शहरात आहे. शेवटचे नवाब हमीदुल्ला खान यांची ज्येष्ठ कन्या आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेल्या. १९६० मध्ये नवाबांचे निधन झाल्यावर दुसऱ्या कन्या साजिदा सुलतान यांना भारत सरकारने उत्तराधिकारी म्हणून मान्यता दिली. तरीही २०१५ पासून त्या मालमत्तांवर शत्रू-संपत्ती कायद्याचे सावट आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या मुलांच्या स्थितीशी याची तुलना नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेल्यांना तो कायदा लागू नाही. परंतु एका पिढीने ओलांडलेल्या सीमेचा हिशेब साठ-पासष्ट वर्षांनंतरही मागितला जाऊ शकतो, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

या साऱ्या इतिहासातून आपल्या समाजासाठी एक विचार पुढे येतो. भोपाळला आलेली मराठी पिढी जुन्या अर्थाने उपरी होती. कौल घेऊन आली, ठरलेल्या मुदतीने जमीन घेतली, आणि तिच्यावर मिरासदाराच्या विश्वासाने घर बांधले. कागदावर तीस वर्षे होती आणि मनात पिढ्या. या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम त्या पिढीने बहुधा पुढच्यांवर सोपविले, आणि पुढची पिढी विमानात बसून निघून गेली. ते अंतर भरून काढायचे, तर ते येथे राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच केले पाहिजे. कोणत्या कपाटात कोणता कागद आहे, कोणती मुदत केव्हा संपली आणि कोणाशी काय बोलणे झाले होते, हे त्यांनाच ठाऊक आहे.

शिवाय या कागदांना घराच्या मालकीपलीकडेही मोल आहे. वऱ्हाडच्या पट्ट्याचा इतिहास लिहिता येतो, कारण ते करार सरकारी दप्तरांत जपले गेले. आपण या शहरात कसे वसलो, याचे दप्तर मात्र घरोघरी विखुरलेले आहे. भूखंडवाटपाचे पत्र, प्रब्याजी भरल्याची पावती, नकाशाची मंजुरी, जुने भू-भाटक चलन, हे सारे त्या इतिहासाचे अस्सल साधन होय. कागद नूतनीकरणासाठी किंवा नामांतरणासाठी बाहेर काढाल, तेव्हा त्यांची एक स्वच्छ प्रत स्वतंत्र ठेवावी, मागे तारीख लिहावी आणि मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा. घर पुढे ठेवायचे की विकायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. मात्र ते ठरविताना त्यांच्या हाती पूर्ण माहिती असावी.